आजीची दोन वाक्यं

मी सातवीत असताना आमच्या गोठ्यातला एक गोऱ्हा मेला. गाव अकोटच्या बाजूचं, साल 1983. कापूस विकून झाला होता आणि ओसरीत ढेपेची पोती रचलेली होती. गोऱ्ह्याच्या कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून त्याला चांद्या म्हणायचे. शेतकऱ्याच्या घरात वासरू मरणं ही काही फार मोठी बातमी नसते. मोठेबाबा थोडा वेळ गव्हाणीशी बसून राहिले. ढोरांचे डॉक्टर दुपारी सायकलवर आले, चांद्याची पापणी उलटून पाहिली, ‘हृदय बंद पडलं’ म्हणाले आणि चहा घेऊन गेले. (डॉक्टर खोटं बोलले नव्हते. हृदय बंद पडल्याशिवाय कोणी मरत नाही.) संध्याकाळी त्याला गावाबाहेर ढोरं टाकायच्या जागेवर नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे गिधाडं उतरली होती. मी शाळेत जाताना लांबून पाहिली आणि दुसऱ्या वाटेने गेलो.

मला जे ठाऊक होतं ते घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. चांद्या आठ-पंधरा दिवसांचा झाल्यापासून मी त्याला रोज चोरून ढेप खाऊ घालत होतो. शाळेतून आलो की ओंजळभर ढेप पाण्यात भिजवायची, वर गुळाचा खडा कुस्करायचा आणि त्याच्या तोंडाशी धरायची. सुरुवातीला तो नुसता हात चाटायचा, पुढे पुढे मी दिसलो की दाव्याला हिसके द्यायला लागला. असं दोन महिने चाललं. त्याच्या अंगावर तकाकी आली होती, निदान मला तरी ती दिसत होती. मग तो दूध कमी प्यायला लागला, नुसता उभा असतानाही धापा टाकायला लागला, आणि एका सकाळी आडवा पडलेला मिळाला.

हे चोरून का करावं लागलं, तर आजीने मनाई केली होती म्हणून. ‘वासराले ढेप नोको देऊ, बाबू.’ मी विचारलं, ‘काऊन?’ आजी म्हणाली, ‘काऊन म्हंजे? नाई देत.’ संपलं. त्याच वर्षी विज्ञानाच्या पुस्तकात मी प्रथिनांचा धडा वाचला होता. शरीराची वाढ प्रथिनांनी होते, आणि ढेपेत ताकद असते म्हणून तर दुभत्या म्हशीला टोपलंभर ढेप मिळते. मी दोन आणि दोन चार केले. कारण न सांगता येणारी मनाई म्हणजे अंधश्रद्धा, असं आमचे गुरुजी वर्गात सांगत. मला ते फार पटलेलं होतं. चांद्याला मी ढेप चारली ती खोडी म्हणून नव्हे, विज्ञाननिष्ठ माणूस म्हणून.

यानंतर चाळीसेक वर्षं मी या गोष्टीचा विचार केला नाही. म्हणजे चांद्या आठवायचा, पण ढेपेचा आणि त्याच्या मरणाचा काही संबंध असेल असं कधी डोक्यातच आलं नाही. मग एका दिवाळीत माझी पुतणी, जी पशुवैद्यकाचं शिक्षण घेते, परीक्षेची उजळणी करत ओसरीत बसली होती. मी सहज विचारलं, काय वाचतेस? ती म्हणाली, ‘काका, सरकीच्या ढेपेतलं विष.’

*

ज्यांनी ढेप पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कापसातून रुई काढली की उरते ती सरकी. एक किलो रुईमागे दीड किलोहून जास्त सरकी निघते, म्हणजे वजनाच्या हिशेबाने पऱ्हाटी हे आधी सरकीचं पीक आहे आणि मग कापसाचं. सरकीतून तेल पिळून घेतलं की उरलेला चोथा म्हणजे ढेप. वऱ्हाडातलं दूध या ढेपेवर उभं आहे. अकोल्याच्या तेलगिरण्यांच्या बाजूने गेलं की तो खमंग, किंचित कडसर वास नाकात शिरतो. वायदेबाजारात सरकी ढेपेचे सौदे सुरू झाले तेव्हा त्याचं केंद्र म्हणून अकोलाच धरलं गेलं. शेतकऱ्याच्या लेखी ढेप हे गरिबाच्या ढोराचं पक्वान्न आहे.

या सरकीचा दाणा सोलून मधोमध कापला तर आतल्या पिवळट गरावर बारीक काळे ठिपके दिसतात, भिंग लागत नाही. त्या ठिपक्यांत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. मार्खलेव्स्की या पोलिश रसायनशास्त्रज्ञाने 1899 साली त्याला हे नाव दिलं. अमेरिकेत तेव्हा सरकीची पेंड स्वस्तात मिळे म्हणून लोक ती डुकरांना घालत आणि डुकरं मरत. का मरतात याबद्दल पुष्कळ तर्क लढवून झाले. शेवटी 1915 साली विदर्स आणि कॅरथ या दोघांनी दाखवून दिलं की दोषी हे ठिपके आहेत. पऱ्हाटीने ते आपल्यासाठी किंवा डुकरासाठी तयार केलेले नाहीत. अळ्यांनी आणि उंदरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडाने केलेली ती सोय आहे.

मग गायी-म्हशी कशा पचवतात? पुतणीने वहीत चार कप्प्यांचं पोट काढून दाखवलं. मोठ्या ढोराच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक प्रचंड आंबवणीचा रांजण असतो. तिथले सूक्ष्मजीव आणि तिथली प्रथिनं या विषाला धरून ठेवतात, ते मोकळं राहत नाही, म्हणून रक्तात फारसं जात नाही. अर्थात त्यालाही मर्यादा आहे, अती ढेप मोठ्या जनावरालाही बाधतेच. पण कोवळ्या वासराचा हा रांजण अजून घडलेला नसतो. ते तेव्हा जवळपास आपल्यासारखंच एका पोटाचं असतं. त्याला ढेप दिली की विष अंगात साठत जातं, आठवड्यामागून आठवडे, आणि मुख्य घाव बसतो तो हृदयावर. धाप लागते, छातीत-पोटात पाणी साठतं, आणि कधी कधी वासरू अचानक पडतं.

‘हृदय बंद पडलं’ हे डॉक्टरांचं वाक्य मला त्या ओसरीत पुन्हा ऐकू आलं.

मी पुतणीला विचारलं, ‘हे कधीपासून ठाऊक आहे?’ तिने खांदे उडवले. ‘पुस्तकात तं पहिलेपासूनच आहे, काका.’

*

चांद्या त्यानेच मेला असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वासरं शंभर कारणांनी मरतात, आणि त्याला फाडून कोणी पाहिलं नव्हतं. पण प्रश्न सोडवण्यापुरतं धरून चालू की त्यानेच मेला. मग दोष कोणाचा?

क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1877 साली श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध छापला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालं आहे, डागडुजी हवी आहे, हे त्याच्या मनात डोकावतं. पण खर्च मोठा, म्हणून तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. देशांतराला निघालेली कुटुंबं घेऊन जहाज जातं आणि बुडतं. हा मालक विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्डचं म्हणणं असं की त्याचा विश्वास कितीही प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. आणि पुढे जाऊन तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी माणूस तितकाच दोषी.

मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा जहाजमालकावर संतापलो होतो. आता पुन्हा वाचताना जरा अवघडल्यासारखं झालं. वकिली करायची तर माझी बाजू सोपी आहे: मालकाच्या मनात शंका होती आणि त्याने ती दाबली. माझ्या मनात शंकाच नव्हती, शिवाय मी बारा वर्षांचा होतो. पण शंका नव्हती हे खरं आहे का? आजीने शब्दांत मनाई केली होती. मी चोरून देत होतो. चोरून करायच्या गोष्टीत शंका गृहीतच असते. ती मी ‘अंधश्रद्धा’ हा शब्द वापरून दाबली, मालकाने ‘इतक्या सफरी झाल्या’ म्हणून दाबली.

म्हणजे आजीचं ऐकायला हवं होतं, इतकंच? इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. व्हॉट्सॅपवर फिरवता आली असती: पूर्वजांच्या प्रत्येक शब्दामागे विज्ञान होतं वगैरे. अडचण अशी आहे की त्याच आजीचं, त्याच सुरातलं दुसरंही एक वाक्य होतं. गाय व्यायली की आजी सांगायची, ‘जार पडल्याबिगर चीक नोको पाजू.’ आणि नवं वासरू तासन्‌तास गायीपासून लांब बांधून ठेवलं जाई. जार पडायला कधी पाच तास लागत, कधी रात्र जाई. आता हे उघडपणे घातक आहे. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायचं बळ जवळजवळ नसतंच, ते पहिल्या चिकातून मिळतं. आणि ते बळ आतड्यातून रक्तात जाऊ देणारा दरवाजा जन्मानंतरच्या काही तासांतच बंद व्हायला लागतो. दिवसभरात जवळपास मिटतो. पहिल्या दोन तासांत चीक पोटात गेला तर वासरू तरतं. जार पडायची वाट पाहणं म्हणजे दरवाजा लागायची वाट पाहणं. आमच्या गोठ्यातली किती वासरं हगवणीने गेली याची गिनती कोणी ठेवली नाही, पण ती ढेपेने गेलेल्या एका चांद्याहून नक्कीच जास्त असणार.

यातली खोच बघा. ढेपेबद्दलचं आजीचं वाक्य बरोबर होतं आणि त्याला तिच्याकडे कारण नव्हतं. चिकाबद्दलचं वाक्य चूक होतं आणि त्याला कारण होतं! वासराने आचळ ओढलं की गायीचं लक्ष दुधाकडे जातं आणि जार आत अडकतो, असं ती समजावून सांगायची. ऐकायला पटण्यासारखं आहे. प्रत्यक्षात उलट घडतं: वासरू प्यायला लागलं की गायीच्या शरीरात जो स्राव सुटतो त्याने गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. पण हे गोठ्यात उभं राहून कोणाला दिसणार? आमच्या गुरुजींची कसोटी, म्हणजे कारण सांगता येतं ते ज्ञान आणि न येतं ती अंधश्रद्धा, इथे बरोब्बर उलटी चालली असती. तिने चिकाची मनाई शास्त्र ठरवली असती आणि ढेपेची मनाई वेडगळपणा. माझ्यासारख्या हुशार पोराने नेमकं तेच केलं.

मग दोन वाक्यांतलं खरं कोणतं हे ओळखायचं कसं? आजीच्या वयाकडे पाहून नाही, तिच्या सुरावरून नाही, कारणाच्या चटपटीतपणावरूनही नाही. ओळखायचा रस्ता एकच आहे आणि तो अतिशय नीरस आहे: पुष्कळ वासरं घ्यायची, अर्ध्यांना द्यायची, अर्ध्यांना नाही, आणि मोजायचं. आमच्या गोठ्यात वर्षाला दोन वासरं होत. दोन वासरांवरून आजी सात जन्मांत काही सिद्ध करू शकली नसती. संशोधनाचा मोठेपणा मला हल्ली बुद्धीपेक्षा या मोजणीत जास्त वाटतो. आजी माझ्याहून आणि बहुधा त्या विदर्सहूनही चाणाक्ष होती, तिच्याकडे फक्त आकडा नव्हता.

*

या मोजणीला किंमत असते, आणि ती मोजणारा देत नाही. अर्ध्या वासरांना द्यायचं म्हणजे त्यातली काही मरणार हे धरूनच द्यायचं. पुतणीच्या पुस्तकातलं एकेक सरळसोट वाक्य कुठल्या तरी वासरांच्या, डुकरांच्या, सशांच्या मरणावर उभं आहे. आणि फक्त जनावरांच्याच नाही. चीनच्या जिआंगसू प्रांतात काही खेड्यांतली माणसं कच्चं, गाळणी-शुद्धी न केलेलं सरकीचं तेल खाऊ लागली आणि तिथे मुलं जन्मणंच थांबलं. 1957 साली एका चिनी डॉक्टराने त्याचा संबंध या तेलाशी जोडून दाखवला. पुढे सत्तरच्या दशकात चीनने त्याच गॉसिपॉलची पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी करून पाहिली. आठ हजारांहून जास्त पुरुषांनी ती घेतली. गोळी लागू पडली, पण काहींच्या रक्तातलं पोटॅशियम घटून हातापायांतलं बळ गेलं, आणि काहींची मूल होण्याची क्षमता गोळी थांबवूनही परत आली नाही. शेवटी नाद सोडून दिला. आपण दुकानातून रिफाइंड सरकीचं तेल निर्धास्त आणतो (शुद्धीत हे विष निघून जातं), त्या निर्धास्तपणात त्या खेड्यांचाही वाटा आहे.

इथे मला क्लिफर्ड अपुरा वाटायला लागतो. तो प्रत्येक माणसाला एकेकटं उभं करून विचारतो: तुझ्याकडे पुरावा होता का? पण पुरावा एका माणसाकडे नसतोच. तो अमेरिकेतल्या नियतकालिकात असतो, विद्यापीठाच्या कपाटात असतो, आणि वासरू गोठ्यात असतं. 1915 ते 1983 म्हणजे अडुसष्ट वर्षं. या अडुसष्ट वर्षांत ‘सरकीतल्या विषाचं माणसाला ज्ञान होतं’ हे वाक्य खरं की खोटं? ‘माणसाला’ म्हणजे कोणाला? आमच्या जिल्ह्याच्या गावी, अकोल्यात, 1969 पासून पंजाबराव देशमुखांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आहे. पंजाबराव स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याचं पोर, देशाचे कृषिमंत्री झालेले. ज्ञान आणि गोठा यांतलं अंतर कमी व्हावं हाच त्या सगळ्या खटाटोपाचा हेतू. आमच्या गावापासून ते पन्नासेक किलोमीटर. मी त्यांना दोष देत नाही, ते काय घरोघरी येऊन सातवीतल्या पोरांचे हात धरणार होते? पण एवढं मला दिसतं की शोध लागणं ही अर्धीच गोष्ट आहे. ज्या वासरांनी त्याची किंमत मोजली त्यांचं मरण कपाटात पडून राहतं, आणि बाहेर तीच किंमत पुन्हा पुन्हा, सुटी-सुटी, मोजणीत न येता दिली जाते. चांद्या कुठल्याच तक्त्यात नाही. त्याच्या मरणाने कोणालाच काही कळलं नाही, मलासुद्धा नाही.

अज्ञान सगळं सारखं नसतं, हेही खरं. त्या सकाळी चांद्यावर उतरलेली गिधाडं आता आमच्याकडे दिसत नाहीत. लंगडणाऱ्या बैलाला कळा सोसवेनात म्हणून नव्वदच्या दशकात डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन सर्रास द्यायला लागले. असा बैल मेला की त्याचं मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. हे 2004 साली ‘नेचर’मध्ये छापून आलं, 2006 साली जनावरांसाठी ते औषध बंद झालं. तोवर नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडं संपली होती. 2004 च्या आधी ज्याने बैलावर दया करून सुई टोचली त्याला मी काय म्हणणार? पृथ्वीवर कोणालाच ते ठाऊक नव्हतं. ते अज्ञान निर्मळ होतं. माझं तसं नव्हतं: त्याचं उत्तर दोन ठिकाणी तयार होतं, एक छापील आणि एक चुलीपाशी, आणि दोन्ही माझ्यापर्यंत पोचेनात.

*

यावर कोणी म्हणेल की आता काळ बदलला, माहिती खिशात असते. मला तसं दिसत नाही. जे आजीचं झालं तेच विज्ञानाचं होताना मी पाहिलंय.

2002 साली बीटी कापूस आला. बियाण्याच्या पाकिटासोबत एक छोटं पाकीट मिळायचं, साध्या बिगर-बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेने पाच ओळी किंवा क्षेत्राच्या वीस टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढं लावायचं. आमच्या गावात ते पाकीट बांधावर फेकलं जाई किंवा खाडे भरायला वापरलं जाई. माझ्या भावाला मी एकदा विचारलं, हे कशासाठी देतात? तो म्हणाला, ‘काय माईत. लावा म्हंते.’ कारण फार सुंदर होतं. बीटीवर जगून राहिलेल्या एखाद-दुसऱ्या धीट अळीला जोडीदार म्हणून साध्या पऱ्हाटीवरच्या साध्या अळ्या मिळाव्यात, म्हणजे धीटपणा पुढच्या पिढीत पातळ होत जाईल. हे आजीलाही दोन मिनिटांत समजलं असतं. वळू निवडताना तिच्या घरात हाच हिशेब चालायचा. पण ‘लावा’ एवढंच पोचलं. कारण नसलेल्या हुकमाचं जे होतं ते झालं. पुढे गुलाबी बोंडअळीला बीटी बाधेनासं झालं आणि 2017 साली विदर्भातल्या पऱ्हाट्या बोंडांसकट किडल्या. त्याच हंगामात फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसाहून जास्त माणसं विषबाधेने गेली. तेव्हाही ऐकायला मिळालं की मास्क, हातमोजे वापरा असं डब्यासोबतच्या पत्रकात लिहिलेलं होतं. होतंच. भिंगाशिवाय वाचता येणार नाही अशा अक्षरांत, आणि सप्टेंबरच्या उकाड्यात फवारा पाठीवर घेऊन दिवसाच्या मजुरीवर राबणाऱ्या माणसासाठी. त्या पत्रकाला मी ज्ञान म्हणायला तयार नाही. ते लिहिणाऱ्याचं विमापत्र आहे. जहाजमालकाच्या खिशात होतं तसलं.

(जाता जाता: आपल्या देशात जनुकबदल केलेलं अन्न खावं की नाही यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. वाद घालणारे दोन्ही बाजूंचे लोक 2002 पासून बीटी सरकीचं तेल असलेलं फरसाण खात आहेत आणि बीटी ढेप खाल्लेल्या म्हशीच्या दुधाचा चहा पीत आहेत.)

मला गाडगेबाबा आठवतात ते इथे. तेही आमच्या अमरावती जिल्ह्यातलेच, शेंडगावचे. बाबा कीर्तनात सांगत कमी आणि विचारत जास्त. समोरच्या हजार माणसांना प्रश्न टाकायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे, मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. ऐकणारा घरी जाताना हुकूम घेऊन जात नसे, स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर घेऊन जात असे. ही पद्धत कुठल्याही पत्रकात बसत नाही आणि तिचा अहवालही करता येत नाही, म्हणून बहुधा ती टिकली नाही.

एक दुसरा मार्गही आहे, आणि तो मोहात पाडणारा आहे: ज्ञान पोचवायची गरजच उरणार नाही असं करून टाकायचं. मूळचे भारतीय असलेले कीर्ती राठोड यांनी टेक्सासमध्ये नेमकं हेच केलं. पऱ्हाटीच्या जनुकांतला गॉसिपॉल बनवणारा एक धागा त्यांनी फक्त बियांपुरता गप्प केला. पानात, देठात, फुलात विष तसंच, म्हणजे झाडाचं संरक्षण शाबूत, आणि सरकी जवळपास निर्विष. हे 2006 साली प्रसिद्ध झालं. (पन्नासच्या दशकात संबंध झाडातलंच विष काढलेल्या जाती निघाल्या होत्या. त्या किड्यांनी आणि उंदरांनी मनसोक्त खाल्ल्या.) 2018 मध्ये अमेरिकेने या कापसाच्या लागवडीला मुभा दिली, 2019 मध्ये तो माणसांच्या आणि जनावरांच्या खाण्यात यायलाही मोकळा झाला. जगभरच्या सरकीतलं प्रथिन असं मोकळं झालं तर सुमारे पन्नास कोटी माणसांची वर्षाची गरज भागेल, असा त्यांचा हिशेब आहे. आपल्याकडच्या बाजारात ते बियाणं नाही.

ते यावं असं मला वाटतं. आलं तर कोणा चांद्याला ओंजळभर गुळ-ढेप चारणारं पोर त्याला मारणार नाही, आणि ते पोर आजीचं ऐको न ऐको. एका अर्थी हा सर्वांत दयाळू शोध आहे, तो अज्ञान माफ करून टाकतो. पण बीटीचं छोटं पाकीट आठवलं की हुरहूर लागते. तेही ‘काही समजून घ्यायची गरज नाही, फक्त पेरा’ म्हणूनच विकलं गेलं होतं. समजून घ्यायची गरज नाही म्हणतात तेव्हा ती गरज कोणीतरी दुसरा आपल्या वतीने भागवत असतो, आणि त्याच्यावर डोळे मिटून भरवसा टाकायचा असतो. आजीवर टाकायचा तसाच.

*

गेल्या दिवाळीनंतर आमच्याकडची गाय व्यायला झाली तेव्हा मी गावीच होतो. रात्री साडेदहाला कालवड झाली. पुतणी गोणपाटाने तिला पुसत होती. पुसून झाल्यावर तिने कालवडीला उचलून गायीकडे न्यायला घेतलं तशी वहिनी म्हणाली, ‘थांब. जार पडू दे.’

माझी आजी जाऊन पंचवीस वर्षं झाली. वाक्य तेच होतं, सूरही तोच.

पुतणीने तिथेच, हात ओले असताना, सगळं सांगितलं: चीक, दरवाजा, दोन तास, स्राव, जार. पत्रकासारखं नाही, नीट सांगितलं. मध्ये मध्ये विचारत होती, ‘मांगच्या वर्षीची वगार हगवणीनं गेली तिले चीक कधी पाजला होता, आई?’ वहिनीने आठवून सांगितलं, ‘सकाळी.’ मग गप्प झाली. मला वाटलं, झालं. पण वहिनी म्हणाली, ‘अन् जार अटकला तं डॉक्टरले रातच्या बारा वाजता तू आणशीन?’ हा प्रश्नही खराच होता. दोघींचा धोका वेगवेगळा होता: पुतणीला वासरू दिसत होतं, वहिनीला गाय. गाय गेली तर घरातलं वर्षभराचं दूध जातं.

शेवटी पुतणी म्हणाली, जार अडकला तर मी आहे. वहिनी काही बोलली नाही, पण वाटेतून बाजूला झाली. कालवड अकराच्या आत प्यायली. आम्ही गोठ्यातच बाज टाकून बसलो. साडेतीनच्या सुमारास जार पूर्ण पडला.

पुतणी विजयी चेहऱ्याने आईकडे बघत होती. वहिनी घमेलं घेऊन उठली आणि म्हणाली, ‘ते तं तसाई पडला असता.’

हा आक्षेप शास्त्राला अगदी धरून होता. एका गायीवरून काय ठरतं? पुतणीला उत्तर सुचलं नाही, मलाही नाही. तिने मोबाइलच्या उजेडात वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखले आणि पहिल्या ओळीत तारीख, व्यायल्याची वेळ, पाजल्याची वेळ, जार पडल्याची वेळ लिहिली. म्हैस फाल्गुनात व्यायची आहे. शेजारच्या दोन गोठ्यांतही गाभण आहेत, त्यांना ती सकाळी विचारणार होती.